खुंट्यापाशी लागलेली मुंबई

त्या उन्हाळ्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती 'सर' या शब्दाची. पोरांनी हाक मारली की मी आधी मागं वळून बघायचो. मागं भिंत असायची, नाहीतर फळा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पोलादपूरला हायवेच्या कडेला मी ट्रकच्या वायरिंगचं काम करायचो. कशेडी घाट चढायच्या आधी ड्रायव्हर लोक गाडी बाजूला घेऊन हेडलाईट, हॉर्न, ब्रेकलाईट बघून घेतात, त्यामुळं हाताला काम कायम. गाव माझं तिकडं लातूरकडचं. आठवीत असताना वडील अंथरुणाला खिळले आणि माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे एक दिवस गेलो नाही, मग दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. एका मिस्त्रीच्या हाताखाली डायनॅमो, सेल्फ, आर्मेचर शिकलो आणि कामामागं फिरत फिरत या डोंगरात येऊन पडलो. इथल्या लोकांनी मला भाड्यानं खोली दिली, ताप आला तेव्हा पेज करून पाठवली, माझ्या बोलण्याला हसले आणि तरी कामाला माझ्याकडंच आले. हे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

हायस्कूलच्या मुख्याध्यापिका बाई माझ्याकडं पहिल्यांदा आल्या त्या मोपेडचा हॉर्न वाजत नाही म्हणून. गॅरेजमध्ये गर्दी होती. मी त्यांच्याच हातात टेस्टर दिला, म्हटलं, "बाई, ही तार इथं लावा. दिवा लागला? मग वीज इथपर्यंत आलीय. आता पुढं लावा." तिसऱ्या ठिकाणी दिवा लागला नाही. तुटलेली तार बाईंनी स्वतः शोधली आणि स्वतःच जोडली. हॉर्न वाजला तेव्हा त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की रस्त्यापलीकडच्या टपरीवरची माणसं उठून बघायला लागली.

जाताना म्हणाल्या, "तुम्ही करून दिलं नाहीत, करायला लावलंत. मे महिन्यात शाळेत शिबिर घ्याल का? मुलांनी स्वतःच्या हातानं काहीतरी बनवायचं. मी मराठी शिकवते, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मला जमंल का बाई?"

"हॉर्न वाजला ना?"

एवढ्यावर ते ठरलं. म्हणजे बाईंच्या बाजूनं ठरलं. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे चिटणीस मात्र सहजासहजी हो म्हणणारे नव्हते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं अगदी मऊ. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "शिक्षण?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दाखला गावाकडं आहे. मागवतो."

"मागवा. बाईंकडे द्या. यंदा करून बघू, समारोपाला मी येईन. मुलांनी बनवलेलं चाललं पाहिजे, बस. मग पुढच्या वर्षीचं बोलू."

दाखला गावाकडं होता हे खोटं. शाळा सोडल्याचा दाखला मी कधी काढलाच नव्हता. माझं पितळ उघडं पडेल, ते पडो. पण बाईंनी माझ्यावर भार टाकला होता, आणि माझ्यामुळं त्यांचं शिबिर पहिल्याच वर्षी बंद पडलं असतं तर मी पोलादपूरच्या बाजारातून मान वर करून चाललो नसतो.

चौदा पोरं आली. त्यांतली चार डोंगरावरच्या वाडीतली, दोन पोरी आणि दोन पोरगे. ती सकाळी दीड तास उतरून यायची आणि जाताना करवंदं खात वर चढायची. पहिल्या दिवशी मी लातूरच्या सवयीनं विचारलं, "काय करलाव रे?" सगळा वर्ग हसत सुटला. दुसऱ्या दिवसापासून एकमेकांना तेच. "काय करलाव गो?" "तार गुंडाळलाव!" माझी लातूरची बोली त्या तीन आठवड्यांत सह्याद्रीच्या कुशीत इतकी रुळली की टपरीवाला सुद्धा चहा देताना 'पिलाव का' म्हणायला लागला.

आम्ही रेडिओ बनवत होतो. सामान मुंबईहून पार्सलनं महाडजवळच्या वीर स्टेशनला आलं, ते मी रिक्षानं आणलं. प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळायची, शंभर वेढे. गप्पांत आकडा चुकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. वाडीतल्या थोरल्या पोरीनं युक्ती काढली, दर दहा वेढ्यांना एक चिंचोका बाजूला ठेवायचा. दहा चिंचोके झाले की कॉइल झाली. चारच दिवसांत पोलादपुरात कुणाच्या घरी चिंचोका शिल्लक राहिला नाही. पोरांची बोटं सोल्डरनं भाजली, एकीच्या वेणीला राळ चिकटली, एकानं ट्रान्झिस्टर उलटा लावला आणि तीन दिवस कुणाला सांगितलं नाही.

रेडिओला वर लांब एरियल लागते आणि खाली अर्थिंग, म्हणजे जमिनीशी जोडलेली तार. ट्रकमध्ये मी आयुष्यभर अर्थिंग दिलं होतं. तिथं ते फार सोपं, कुठल्याही लोखंडाला तार बांधली की झालं, गाडीची बॉडी हेच अर्थिंग. शाळेच्या खिडकीबाहेर हातपंप होता. लोखंडच ते, मी तार त्याला बांधली. पहिल्या पोराच्या कानात इअरफोनचं बोंड घातलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. "सर, बाई बोलते!" मी मागं वळून बघितलं. मग लक्षात आलं, तो माझ्याशीच बोलतोय, आणि मुंबई लागलीय.

एकेक करत चौदाच्या चौदा लागले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी संडासात जाऊन रडून आलो.

समारोप वाडीवर घ्यायचा हे बाईंनी ठरवलं. मे महिन्यात वाडीतल्या बायका झऱ्यावर रांग लावून बसतात, माणसं गुरांमागं असतात. खाली कोण येणार? "चार मुलं रोज दीड तास उतरून आली," बाई म्हणाल्या, "एक दिवस आपण चढू." मी आदल्या रविवारी जाऊन जागा बघून आलो. वाडीची शाळा म्हणजे जांभ्या दगडाची एक खोली, खिडकीला लोखंडी गज. समोर ऐनाचं उंच झाड, एरियलला उत्तम. खिडकीचे गज हलवून बघितले. लोखंड आहे, अर्थिंगची सोय झाली, असं म्हणून मी खुशीत खाली आलो.

समारोपाला आम्ही दुपारी निघालो. महाबळेश्वरच्या रस्त्यानं, आंबेनळी घाट लागायच्या आधी एक पायवाट वर जाते. गावातल्या पोरांनी आपापले रेडिओ बिस्किटाच्या डब्यात घालून छातीशी धरले होते. चिटणीस जीपनं पायवाटेपर्यंत आले आणि तिथून चालत. पांढरा शर्ट पाठीला चिकटला, पण त्यांनी एकदाही 'अजून किती' विचारलं नाही, एवढं मानलं पाहिजे. चढताना फक्त एकदा मला म्हणाले, "दाखला आला नाही अजून?"

"नाही साहेब." मी पाय उचलला आणि पोरांच्या पुढं झालो.

वर सगळी वाडी जमली होती. बायका एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन, म्हातारे अंगणात उकिडवे. टेबलावर चौदा रेडिओ ओळीनं. पोरांनी ऐनावर चढून एरियल बांधली. मी तार खिडकीच्या गजाला आवळली, बोंड कानात घातलं.

काही नाही. नुसती बारीक सूं सूं.

तार पुन्हा घासून बांधली. दुसरा रेडिओ घेतला. तिसरा. पेन्सिल सेल बदलला. सूं सूं. पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मागून एका बाईचा आवाज आला, "आमच्याकडं दुकानातला हाय की. त्यो आणू काय?" बायका हसल्या. वाडीतल्या थोरल्या पोरीची ती आईच होती. पोरगी चिडून म्हणाली, "आये, तू गप गो!"

मी गज पुन्हा हलवून बघितले. ट्रकची बॉडी अख्खी लोखंडाची, म्हणून तिथं चालतं. हे गज कोरड्या दगडात रोवलेले होते, जमिनीशी त्यांचा काही संबंध नव्हता. नुसत्या लोखंडात काही नसतं, ते जमिनीत रुतलेलं लागतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. हातांना काम येत होतं, कारण ठाऊक नव्हतं. आठवीनंतरच्या कुठल्यातरी वर्गात ते शिकवत असतील.

बरोबर आणलेली पहार घेतली आणि अंगणात ठोकायला लागलो. वीतभर गेली आणि खाली ठण्णकन खडक. दुसरीकडं ठोकली, ठण्ण. तिसरीकडं मुरूम, पण भाजलेल्या विटेसारखा. चिटणीस खुर्चीवर बसून शांतपणे बघत होते. बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हातपंपाला लावलं तेव्हा चाललं होतं ना? मग हातपंपात असं काय असतं, जे इथं नाही?"

"पाणी," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता मला आठवलं, ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात लाईनमन दर उन्हाळ्यात मीठ आणि पाणी घालायचा. मी शंभर वेळा बघितलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं. उठून मोठ्यानं म्हटलं, "एक हंडा पाणी पाहिजे. आणि थोडं मीठ. पहारीपाशी ओतायला."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. हंडा आणायला बायकांना झऱ्यापर्यंत अर्धा कोस उतरावं लागतं, मला ठाऊक होतं. तरी तोंडातून निघून गेलं होतं.

"मातीत वतायला?" कुणीतरी म्हटलं. "डोकं फिरलं काय याचं?"

अंगणाच्या कडेला एक माणूस मघापासून बिडी ओढत बसला होता. त्या थोरल्या पोरीचा बाप. दहा-बारा म्हशी आणि शेळ्या सांभाळायचा, सकाळी दूध घेऊन खाली उतरायचा, त्यामुळं मी त्याला ओळखत होतो. त्यानं बिडी विझवली, उठला आणि म्हणाला, "मास्तर, तुमाला वलच पायजे ना?"

"होय, पण जमीन..."

"मंग गोठ्यात चला की. आमचा मधला खुंटा हाय ना, त्यो टिकतच नाय. कितींदा ठोकला, आठ दिसांत ढिला. खाली नुसता चिकूल. हातभर आत जातो बगा, लोण्यात गेल्यावानी."

"आणि मीठ?" मी विचारलं.

"त्ये म्हशी घालतातच की रोज!"

वाडी खो खो हसली. चिटणीससुद्धा. मी हसलो नाही, मी धावलो. गोठ्यात मधला खुंटा खरंच हलत होता. पोरीच्या बापानं तो एका हातानं उपटला आणि त्या भोकात माझी पहार घातली. हातानं दाबली, हातोडी लागलीच नाही. ती सरळ कोपरभर आत गेली. मी तार बांधली. तार शाळेपर्यंत पुरेना, मग टेबलच उचलून गोठ्याच्या दारात आणलं. पोरांनी खुर्च्या आणल्या. संस्थेचे चिटणीस गोठ्याच्या दारात बसले, त्यांच्या उजव्या खांद्यामागं एक म्हैस रवंथ करत उभी. एरियल ऐनावरून सोडून गोठ्याच्या कौलांवरून फिरवून घेतली. हे सगळं होईतो उन्हं कलली.

पहिला रेडिओ थोरल्या पोरीचा होता. मी म्हटलं, "तूच लाव."

तिनं बोंड कानात घातलं. कॉइलवरची पट्टी बारीक बारीक सरकवली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो, सगळी वाडी बघत होती, मला वाटतं म्हैससुद्धा. तिची भुवई हलली. मग ती एकदम उभी राहिली, बोंड काढलं आणि धावत जाऊन आईच्या पदराखाली तिच्या कानात घातलं.

आई थबकली. "अगो," ती म्हणाली, "कोन पुरुष बोलतोय. मासेमारांनी समुद्रात जाऊ नये म्हनतोय."

"मंग जाऊ नको!" बाप ओरडला.

त्या हसण्यानं डोंगर दणाणला. मग कुणाला आवरणार? चौदा रेडिओ, चौदा पोरं, आणि त्यांच्यापुढं रांग. म्हाताऱ्यांनी टोप्या मागं सारून कान पुढं केले. बायका एकमेकींना ढकलत होत्या, "मला दे गो, तू लय टाइम घेतला!" एका आजोबांनी बोंड उलट्या कानात घातलं, मग म्हणाले, या कानानं मला ऐकू येतच नाय, आणि दुसऱ्या कानात घालून दहा मिनिटं कुणाला परत दिलं नाही. एक रेडिओ लागेना. ट्रान्झिस्टर उलटा लावणाऱ्या पोराचाच होता तो. त्यानं स्वतः टेस्टर घेऊन तार तार बघितली, सुटलेलं टोक शोधलं, दातानं तार सोलून पिळून बसवलं आणि मुंबई लावली. मी बोटही लावलं नाही. चौदाच्या चौदा. त्या गोठ्याच्या दारात मला वाटलं, आता मेलो तरी चालेल. मग वाटलं, छे, पुढच्या वर्षी पोरांकडून शाळेची विजेची घंटा बनवून घ्यायची आहे.

तेवढ्यात चिटणीसांनी कानातलं बोंड काढलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?"

'लातूरला' म्हणून सुटता आलं असतं. पण पोरं माझ्याकडं बघत होती, आणि तीन आठवडे मी त्यांना एकच सांगत आलो होतो, चूक झाली तर लपवायची नाही, तार कुठं तुटली ते शोधायचं.

"शाळेत नाही साहेब," मी म्हटलं. "आठवीत शाळा सुटली माझी. दाखला गावाकडं आहे म्हणालो ते खोटं होतं. मी तो कधी काढलेलाच नाही."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. मला मान वर करवेना.

पोरीचा बाप म्हणाला, "मास्तर, आमी तर शाळेत पावल बी टाकलं नाय. अर्थिंग कुनी दिलं?"

यावर चिटणीस हसले नाहीत. त्यांनी बोंड पुन्हा कानात घातलं, थोडं ऐकलं, काढलं. म्हणाले, "आठवीचा तर आठवीचा. पण दाखला आणा. फाईलला कागद लागतो." मग बाईंकडं वळून, "आपल्या महाडच्या शाळेतही घेता येईल का हे, पुढच्या वर्षी?"

बाई म्हणाल्या, "त्यांनाच विचारा." आणि माझ्याकडं बोट केलं.

खाली उतरताना बाई पोरांबरोबर पुढं पुढं चालत होत्या. मला वाटलं, रागावल्या. रस्ता दिसायला लागल्यावर म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतंत. मी काही तुम्हाला नाही म्हटलं नसतं." एवढंच. शिबिरात त्या मला रोज जेवणाचा डबा पाठवायच्या, तसा दुसऱ्या दिवशीही पाठवला, त्यात आंब्याची पोळी जास्तीची होती.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा शाळेत गेलो. इतक्या वर्षांनी. वर्गांना सुट्टी होती, पण कचेरी उघडी होती. कारकुनानं जुनं रजिस्टर काढलं, झटकलं. "आता कशाला पाहिजे दाखला? कुठं नाव घालायलाव का?"

"होय. तिकडं कोकणात, एका शाळेत."

"कितवीत?"

"शिकवायला."

त्यानं पेन थांबवलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शिपायाला माझ्यासाठी चहा सांगितला. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात त्यानं 'घरगुती' लिहिलं. वर्तणूक, चांगली. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, शर्टाच्या आत ठेवून, एसटीनं पोलादपूरला आणला. रस्त्यात तीनदा काढून वाचला.

पुढच्या मे महिन्यात शिबिर दोन ठिकाणी झालं, महाडला आणि पोलादपूरला. पोलादपूरच्या पहिल्या दिवशी मी पोरांना रेडिओचं नावही काढलं नाही. प्रत्येक गटाला एक पहार दिली आणि सांगितलं, शाळेच्या आवारात ओल शोधा. ते शिकवायला मी डोंगरावरून एक माणूस बोलावला होता. तो दूध घालून आला, हात धोतराला पुसले आणि पोरांना घेऊन आवारभर फिरला. हिरवं गवत कुठं आहे, मुंग्या कुठं नाहीत, पाय टाकला की कुठं थंड लागतं, सगळं सांगत.

एका पोरीनं विचारलं, "सर, इथं ठोकू का?"

त्यानं मागं वळून बघितलं. मागं मी उभा होतो. मी म्हटलं, "मला नाही. तुम्हालाच विचारतेय."